ऑक्सिजन कमी केला म्हणजे बाबांना वाऱ्यावर सोडलं का?

मॅडम,
माझे बाबा ६४ वर्षांचे. कऱ्हाडजवळ आमची ऊसशेती आहे. न्यूमोनिया झाला, धाप वाढत गेली आणि गेले सात दिवस ते इथल्या एका खासगी दवाखान्यात व्हेंटिलेटरवर आहेत. तीस वर्षं विडी ओढायचे, तीन वर्षांपूर्वी सोडली. पहिल्या दिवशी मशीनवर ऑक्सिजन १०० होता आणि सॅच्युरेशन ९५. मग ऑक्सिजन ७०, ५५ असा खाली आणत गेले. काल ४० केला, तर सॅच्युरेशन ९३ वर आलं. शेजारच्या बेडवरच्या आजींचं ९९ दिसतं. मी विचारलं तर रात्रपाळीचे डॉक्टर “एवढं पुरतं” म्हणाले आणि पुढच्या पेशंटकडे गेले. भाऊ म्हणतो, दवाखाना ऑक्सिजन वाचवतोय, आपण बाबांना पुण्याला हलवू. आत्या कापूर, ओवा, लवंगांची पुरचुंडी घेऊन आलीय, सिस्टर ती उशाला ठेवू देत नाहीत म्हणून रडते. पहिल्या दिवसाच्या आणि कालच्या एबीजीचे फोटो सोबत पाठवते. ऑक्सिजन वाढवा असा आग्रह धरू का?
— एक मुलगी, कऱ्हाड

ताई,

आग्रह धरू नका. तुमचं पत्र आलं त्याच दिवशी दोन ओळींत हे कळवलं होतं. इथे सविस्तर लिहिते, कारण आयसीयूच्या दारात उभं राहून हाच प्रश्न मला नातेवाइकांनी तीस वर्षं विचारला आणि दरवेळी नीट उत्तर द्यायला मला वेळ होता असं नाही. त्या रात्रपाळीच्या डॉक्टरला मी म्हणूनच फार बोल लावणार नाही. पण “एवढं पुरतं” हे उत्तर नव्हे, हेही खरं.

आधी तुम्ही पाठवलेले दोन कागद बघू. एबीजी म्हणजे मनगटाजवळच्या धमनीतून रक्त घेऊन त्यातला ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड आणि आम्लता मोजणं. पहिल्या दिवशीच्या कागदावर धमनीतल्या ऑक्सिजनचा दाब ७२ आहे, कालच्या कागदावर ६८. तुम्ही हे दोन आकडे शेजारी ठेवलेत आणि ‘कमी झालं’ असं वाचलंत. मी त्याच कागदावरचा तिसरा आकडा आधी बघितला, तो म्हणजे एफआयओटू. मशीन जी हवा आत ढकलतं तिच्यात ऑक्सिजन किती टक्के आहे, ते हा आकडा सांगतो. तुम्ही-आम्ही घेतो त्या हवेत तो २१ टक्के असतो. बाबांना पहिल्या दिवशी १०० टक्के, म्हणजे निव्वळ ऑक्सिजन चालू होता आणि एवढं करून रक्तात दाब आला ७२. काल ४० टक्क्यांवर ६८ आला.

भागाकार करा. ७२ ला १ ने भागलं की ७२. ६८ ला ०.४ ने भागलं की १७०. आयसीयूत राउंडला आम्ही हाच भागाकार तोंडी करतो. निरोगी माणसात तो ४००च्या पुढे जातो, १०० किंवा खाली असेल तर फुप्फुसं फार वाईट अवस्थेत आहेत असं धरतो. बाबा ७२ वरून १७० वर आलेत. शिवाय श्वास सोडल्यावरही वायुकोश मिटू नयेत म्हणून मशीन थोडा दाब धरून ठेवतं, त्याला पीप म्हणतात. तुमच्या फोटोत पहिल्या दिवशी पीप १४ दिसतो, काल ८. म्हणजे मशीनचा जोर कमी झाला, ऑक्सिजन निम्म्याहून खाली आला, आणि तरी रक्तातला ऑक्सिजन जवळजवळ तेवढाच टिकला. बाबांची फुप्फुसं सात दिवसांपूर्वीपेक्षा बरंच काम करू लागलीत. पत्रभर तुम्ही ज्याची तक्रार केलीत, ती मला कागदावर दिसलेली सगळ्यांत चांगली बातमी आहे. अजून पूर्ण बरे झालेले नाहीत, १७० म्हणजे मध्यम आजारच; पण दिशा बरोबर आहे.

शेजारच्या आजींच्या ९९ शी तुलना करताना त्यांचा एफआयओटू तुम्ही बघितलात का? नसणारच. सगळे नातेवाईक वरच्या मॉनिटरकडे बघतात, कारण तिथे निळा आकडा मोठा असतो आणि लाट उड्या मारत असते. व्हेंटिलेटरच्या पडद्यावर खालच्या ओळीत जे चार-पाच चौकोन असतात, त्यांच्याकडे कोणी बघत नाही. त्यातला एक एफआयओटूचा. आजी ९० टक्क्यांवर ९९ असतील तर त्या तुमच्या बाबांपेक्षा जास्त आजारी आहेत. नुसतं सॅच्युरेशन सांगणं म्हणजे गाडी ताशी साठने चाललीय एवढंच सांगणं आणि ती घाट चढतेय की उतरतेय हे न सांगणं.

आता तुमच्या भावाचा मुद्दा: दवाखाना ऑक्सिजन वाचवतोय, जास्त दिला तर बिघडतं काय? त्याला चुकीचं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. २०२१च्या एप्रिलमध्ये नाशिकमध्ये रुग्णालयाच्या टाकीतून ऑक्सिजन गळला आणि वीसहून जास्त माणसं तासा-दोन तासांत गेली, हे महाराष्ट्रात कोण विसरेल? त्या उन्हाळ्यात सिलिंडरसाठी रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाला ‘ऑक्सिजन कमी केला’ हे शब्द कसे ऐकू येतात, ते मला कळतं. पण तेव्हा ऑक्सिजन संपला होता. बाबांचा ऑक्सिजन मोजून उतरवलाय.

माझीच एक गोष्ट सांगते. १९८९ साल. मी नवखी भूलतज्ज्ञ, अख्ख्या इमारतीत एकच पल्स ऑक्सिमीटर, म्हणजे बोटाला लावून सॅच्युरेशन मोजणारा चिमटा, तोही ऑपरेशन थिएटरमधून कोणी आणू देत नसे. कीटकनाशक प्यायलेला एक तरुण मुलगा माझ्याकडे व्हेंटिलेटरवर होता. त्याची फुप्फुसं मुळात ठणठणीत, फक्त श्वासाचे स्नायू लुळे पडलेले. मी संध्याकाळी नळी टाकली, १०० टक्के लावला आणि ‘असू दे, जास्त असलेला बरा’ म्हणून दोन रात्री तसाच ठेवला. तिसऱ्या दिवशी एक्स-रे बघितला तर उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग पांढरा, मिटलेला. माझ्या वरिष्ठांनी फिल्म खिडकीकडे धरली आणि विचारलं, “नायट्रोजन कुठे गेला, बाई?” त्या दिवशी मला ते धड कळलंही नाही.

कळलं ते असं. हवेत पाचातले जवळजवळ चार हिस्से नायट्रोजन असतो. तो रक्तात फारसा शिरत नाही, वायुकोशातच पडून राहतो आणि त्या चिमुकल्या फुग्यांना आतून टेकू देतो. निव्वळ ऑक्सिजन भरला की तो सगळा रक्तात शोषला जातो, टेकू उरत नाही आणि कफाने तोंड बंद झालेले वायुकोश मिटतात. पोत्यातून धान्य काढल्यावर पोतं बसतं तसं. त्याखेरीज ऑक्सिजन खूप दिवस खूप प्रमाणात दिला तर तो स्वतःच फुप्फुसांच्या अस्तराला सुजवतो. लोखंड गंजतं ते ऑक्सिजनमुळेच, हे शाळेत शिकतो आणि दवाखान्यात विसरतो. म्हणून एफआयओटू ६०च्या खाली आला की आम्ही जरा सैल होतो. तो मुलगा वाचला, पण वाचला तो माझ्या १०० टक्क्यांमुळे नव्हे. वरिष्ठांनी त्या दिवसापासून मला ऑक्सिजनची ऑर्डर औषधासारखी लिहायला लावली: किती, कोणत्या सॅच्युरेशनसाठी, आणि कधी उतरवायचा.

भावाला आणखी एक सांगा. १९४०-५०च्या दशकांत अमेरिका, इंग्लंड, ऑस्ट्रेलियातल्या चांगल्या चांगल्या रुग्णालयांत अपुऱ्या दिवसांच्या बाळांना काचपेटीत भरपूर ऑक्सिजन देत. हेतू प्रेमाचाच. त्यातून हजारो मुलं आंधळी झाली. मेलबर्नच्या डॉ. केट कॅम्पबेल यांनी १९५१ साली बोट ठेवलं ते ऑक्सिजनवर. मग सगळ्यांनी इतका हात आखडला की ज्यांना गरज होती अशी बाळं दगावली. ही दुसरी बाजू मी मुद्दाम सांगते, कारण ‘कमी तेवढं चांगलं’ हा देखील भ्रमच, आणि त्यात मीही काही वर्षं होते.

२०१६ साली इटलीतल्या मोडेना शहरातला एक अभ्यास आला. त्यात ऑक्सिजन आवरून दिलेल्या रुग्णांत मृत्यू ठळकपणे कमी दिसले. मी तेव्हा भलतीच खूश झाले आणि आमच्या आयसीयूत सगळ्यांच्या मागे लागले. पण तो अभ्यास भूकंपामुळे विस्कळीत होऊन मध्येच थांबवलेला होता, हे मी सोयीने मागे टाकलं. पुढे फ्रान्समध्ये फुप्फुसं फार सुजलेल्या रुग्णांत धमनीतला दाब ५५ ते ७० ठेवून बघितला. तो अभ्यास २०५ रुग्णांवरच आवरता घ्यावा लागला. कमी ऑक्सिजनच्या गटात मृत्यू जास्त दिसू लागले होते आणि पाच जणांच्या आतड्यांचा रक्तपुरवठा तुटला होता. माझी खुशी तिथेच उतरली. मग मोठे अभ्यास आले. डेन्मार्कच्या पुढाकाराने झालेल्या २०२१च्या अभ्यासात २९२८ रुग्णांत दाब ६० ठेवायचा की ९० हे बघितलं. ९० दिवसांतले मृत्यू ४२.९ आणि ४२.४ टक्के, म्हणजे फरक नाही. २०२५ साली ब्रिटनमधल्या ९७ आयसीयूंतला, तब्बल १६,५०० व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. अर्ध्या रुग्णांचं सॅच्युरेशन ९०च्या आसपास ठेवलं, बाकीच्यांना नेहमीप्रमाणे ऑक्सिजन दिला. दोन्हीकडे मृत्यू ३५ टक्क्यांच्या आगेमागे.

तुमच्यापुरता याचा अर्थ एवढाच की ९३ च्या जागी ९७ करून बाबांचं काही भलं होईल असा पुरावा नाही, आणि ९३ ठेवून कोणी त्यांच्यावर प्रयोग करतंय असंही नाही. तीस वर्षं विडी ओढलेल्या माणसात तर दम्यासारखा जुनाट फुप्फुसविकार असण्याची शक्यता मोठी. तो असेल तर डॉक्टर ८८ ते ९२ वरही समाधानी राहतील. तेव्हा उद्या ९१ दिसलं तर भावाला फोन लावण्याआधी डॉक्टरांना विचारा की बाबांसाठी लक्ष्य किती ठरवलंय.

शरीराला ऑक्सिजन पोचतो कसा, ते एसटीवरून समजेल. हिमोग्लोबिन म्हणजे गाड्या. सॅच्युरेशन म्हणजे शंभरातल्या किती सीटा भरल्या. ९३ भरल्या, सात रिकाम्या. सगळ्या सीटा भरल्यावरही तुम्ही ऑक्सिजन वाढवत राहिलात तर बाकीचे टपावर चढतात. रक्तात नुसता विरघळलेला ऑक्सिजन तेवढाच, अगदी मूठभर. पण डेपोतून चारातली एक गाडीच कमी झाली तर? हिमोग्लोबिन १२ वरून ९ झालं की नेमकं हेच होतं: पाव वाहतूक बंद. आणि रस्ता खचला, म्हणजे बीपी पडलं, तर भरलेल्या गाड्याही जागेवरच. बाबांच्या एबीजीच्या कागदावर खाली हिमोग्लोबिन ११.२ छापलंय, ते ठीक आहे. आयसीयूच्या दारात सॅच्युरेशन विचारणारे शंभर भेटले, हिमोग्लोबिन विचारणारा क्वचित.

बोटावरच्या त्या चिमट्यावरही डोळे मिटून विसंबू नका. बोट गार असेल, बीपी कमी असेल, नखाला मेंदी किंवा नेलपॉलिश असेल तर तो भरकटतो. जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७०च्या दशकात शोधलेलं हे तत्त्व लाखो जीव वाचवून गेलं, पण सावळ्या कातडीत हे यंत्र थोडं जास्त आकडा दाखवू शकतं. २०२० साली अमेरिकेतल्या रुग्णांत आढळलं की चिमटा ९२ ते ९६ दाखवत असताना धमनीतलं खरं सॅच्युरेशन ८८च्या खाली होतं, असं कृष्णवर्णीयांत ११.७ टक्के वेळा घडलं आणि गोऱ्यांत ३.६ टक्के वेळा. उसाच्या फडात रापलेल्या बोटाबद्दल हे ध्यानात ठेवलेलं बरं. काल बाबांच्या एबीजीत सॅच्युरेशन ९३च आलंय, म्हणजे त्यांचा चिमटा खरं बोलतोय.

पैशाचं म्हणाल, तर मी जिथे जिथे काम केलं तिथे ऑक्सिजनचं बिल तासावर किंवा दिवसावर लागायचं, टक्क्यांवर नाही. ४० वर ठेवून दवाखान्याच्या गल्ल्यात काही पडत नाही. उलट लवकर मशीन सुटलं तर त्यांचंच बिल कमी होतं. तरी शंका असेल तर आयटमवार बिल मागा. तुमचा तो हक्क आहे आणि त्यात कोणी अपमान वाटून घेऊ नये.

पुण्याला हलवण्याबद्दल मात्र मी कडक आहे. कऱ्हाड ते पुणे सुमारे १६० किलोमीटर. वाटेत सिलिंडर लागतो. अॅम्ब्युलन्समधल्या बी टाइप सिलिंडरमध्ये साधारण १५०० लिटर मावतो, मिनिटाला १० लिटर खर्च धरला तर अडीच तास, तेही कागदावर. साताऱ्यापुढे ट्रॅफिक लागला की तो हिशोब कोलमडतो. अॅम्ब्युलन्समध्ये चढवताना नळी सरकू शकते, मशीन बदलताना पीप क्षणभर सुटतो आणि सात दिवसांत कष्टाने उघडलेले वायुकोश मिटतात. इथे काही सोय नाही म्हणून हलवणं वेगळं. तिथे न्यावंच लागतं आणि नेतात. रोज सुधारणाऱ्या माणसाला आकड्याच्या रागापायी हलवू नये. दुसरं मत हवं असेल तर कागद हलवा. एक्स-रे, एबीजी आणि रोजचा चार्ट घेऊन भाऊ एकटा पुण्याला जाऊन येऊ शकतो.

तुम्ही काय करायचं? एक छोटी वही घ्या. रोज सकाळच्या भेटीच्या वेळी तारीख घालून एफआयओटू, पीप, सॅच्युरेशन आणि एबीजी झाली असेल तर दाब, एवढं एका ओळीत लिहा. राउंडनंतर वेळ मागून घ्या आणि ‘बाबा कसे आहेत’ असं मोघम विचारू नका. ‘काल ४० वर होते, आज किती? स्वतःहून श्वास घ्यायची चाचणी कधी घेणार? घेतली असेल तर कुठे अडलं?’ असं विचारा. असे प्रश्न विचारणाऱ्या नातेवाइकाशी डॉक्टर खुर्ची ओढून बोलतात, मी स्वतः बोललेय. ४० च्या आसपास ऑक्सिजन, ८ किंवा खाली पीप, बीपी ठीक आणि माणूस डोळे उघडतोय, हे जमलं की मशीन सोडवायची तयारी सुरू होते. बाबा त्या उंबऱ्यापाशी आलेत. नाही जमलं आणि ‘गळ्याला भोक पाडू’ असं डॉक्टर म्हणाले, तर तोही जगबुडीचा निरोप नसतो. त्या भोकातून घातलेल्या छोट्या नळीने कफ काढणं सोपं जातं आणि गुंगीचं औषधही कमी लागतं.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, नाहीतर तुम्ही घाबराल. सिस्टर सक्शन करताना, म्हणजे नळीतला कफ ओढताना, मशीनवरचं एक बटण दाबतात आणि ऑक्सिजन मिनिट-दोन मिनिटं १०० होतो. बाबा खोकतात, तोंड लाल होतं, अलार्म वाजतो, सॅच्युरेशन ८७ पर्यंतही घसरेल. मग आकडा आपोआप ४० वर येतो. हे दिवसात अनेकदा होतं आणि व्हायलाच हवं.

काळजी कधी करायची तेही सांगते. सक्शन नसताना, तेवढ्याच सॅच्युरेशनसाठी ऑक्सिजन ४० वरून ५०, मग ६० असा चढू लागला तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा आणि नवं काय झालं ते विचारा: पुन्हा जंतुसंसर्ग, अंगात पाणी साठणं, फुप्फुसाबाहेर हवा अडकणं, कफाची गुठळी. मॉनिटरवरचं सॅच्युरेशन तेव्हाही ९४ दिसत असेल आणि भाऊ निवांत असेल. तुम्ही राहू नका.

राहिली आत्या. कापूर, ओवा, लवंगेच्या वासाने ऑक्सिजन वाढतो हा २०२१चा व्हॉट्सअॅपवरचा निरोप अजून फिरतोय, त्याला आधार नाही. शिवाय बाबा नळीतून श्वास घेतायत, नाकापर्यंत तो वास पोचणारही नाही. सिस्टर मना करतात ते बरोबर. पण आत्याला रिकाम्या हाताने बसवू नका. सिस्टरला विचारून, हात धुऊन, बाबांच्या तळपायांना खोबरेल चोळायला सांगा, आणि चोळता चोळता यंदा उसाची लागण कुठल्या रानात करायची ते मोठ्याने विचारायला सांगा. गुंगीतल्या माणसाला ओळखीचा आवाज पोचतो. तोंडात नळी असल्यामुळे ते बोलणार नाहीत. पण डोळे उघडतात का, पाऊल हलतं का, तेवढं बघून वहीत त्याच ओळीत टिपून ठेवा.